सखूबाईच्या घशाखाली उतरेल अशी कढी

पनवेलजवळच्या सुकापूरच्या आतल्या गल्लीत, दोन टॉवरांच्या मध्ये, दाढेत शीत अडकावं तसं बळीराम पोपेटाचं घर अडकलेलं आहे. कौलं गेली, पत्रा आला, ओटी मात्र तीच. बिल्डरची माणसं येतात, चहा पिऊन जातात. बळीराम त्यांना हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, चहा तेवढा स्वतःच्या हाताने करून देतो. चहा त्याला येतो. परवापरवापर्यंत तेवढंच येत होतं.

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म घालवलेला हा माणूस. नुसत्या पाळ्या. आमची ओळखही तिथलीच. धुराविरुद्ध आम्ही गेटवर बसलो होतो, हा ड्युटी संपवून बाहेर आला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "ताई, धूर जातो वर, तुमी बसलाव खाली. वर बसा कुठंतरी." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पुढे चौकशी लागली, तेव्हा कामगारांपैकी खरं बोलायला हा एकटा उभा राहिला. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणते. मी उठसूट कुणाला दादा म्हणत नाही.

रिटायर झाला. आता ओटीवर खुर्ची टाकून बसायचं, एवढाच त्याचा बेत होता. खुर्ची विकतही घेतली. आणि त्याच वर्षी सखूबाईला झटका आला.

सखूबाई त्याची बायको. गल्लीत हिच्या हाताच्या कालवणाला नाव. लग्नातल्या हळदीच्या जेवणाचा मसाला कुठलाही असो, कांडण्याआधी लोक हिला वास देऊन जायचे. त्या बाईची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणं गेलं. हात जातो, पाय जातो हे लोकांना कळतं. गिळणं जातं म्हणजे काय ते कळत नाही. घोट घशात पोचतो आणि पुढे कुठे जायचं ते विसरतो. अन्ननळीऐवजी श्वासनळीत उतरतो. मग खोकला, मग ताप, मग छातीत कफ. लोक म्हणतात म्हातारी न्युमोनियाने गेली. न्युमोनियाने नाही, वरणाने जाते.

इस्पितळात तिच्या नाकात नळी घातली. तिने ती चालत्या डाव्या हाताने उपटून काढली. परत घातली, परत काढली. मग त्यांनी तो डावा हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधला. जो एक हात शिल्लक होता, तोही. बळीरामने पट्टी सोडली, सिस्टरने बांधली, त्याने पुन्हा सोडली. शेवटी त्यालाच बाहेर काढलं. "ताई, तिनं मला असं बघितलान," एवढंच तो मला म्हणाला, आणि ते सांगताना माझ्याकडे नव्हे, भिंतीकडे बघत होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी नळी काढली, पण अट घालून. तोंडाने खाल्लं, छाती साफ राहिली, वजन टिकलं तर ठीक. तपासणीला या, नाहीतर नळी परत. बळीरामने तिथेच, सगळ्यांसमोर बायकोच्या कानाशी वाकून सांगितलं, "सखू, आता नाय घालू देनार." डॉक्टर गालातल्या गालात हसले. मला त्या हसण्याचा राग आला, पण तो प्रसंग भांडणाचा नव्हता.

कागदावर लिहिलं होतं, 'स्मूद प्युरी.' बळीरामने सिस्टरला विचारलं प्युरी म्हणजे काय. ती म्हणाली, "गुळगुळीत द्या हो आजोबा." म्हणजे काय द्या? साबण? मी काउंटरवर आवाज चढवला. माझा आवाज चढला की खुर्च्या हलतात. तेव्हा गिळण्याचे व्यायाम घेणारी मॅडम खाली आली आणि पाच मिनिटांत समजावून गेली. तेवढी पाच मिनिटं आधी द्यायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? पातळ पाणी वाईट, कारण ते सुटून पळतं. गाठ वाईट, कारण ती अडकते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दोन्ही एकत्र, पाण्यात कण. जीभ कणाशी झटत बसते, तोवर पाणी पुढे निघून जातं. जे द्याल ते एकजीव पाहिजे. बसवून द्या, हनुवटी खाली ठेवा, छोटा चमचा, आणि पहिला घोट उतरल्याशिवाय दुसरा नाही.

एकजीव. आता बघा, फुटलेली कढी म्हणजे काय असते? खाली दाणे, वर पाणी.

आणि सखूबाई खायची ती फक्त कढीच. इस्पितळाची कालवलेली पावडर तिने ओठांवरून ओघळू दिली. खिमट नको, सफरचंद नको, दलिया तर नकोच नको. जीभ शाबूत होती, बोलायला नाही, चवीला. कढीत मऊ भात वाटून, गाळून दिला की ती तोंड उघडायची. नाहीतर नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण, तेही गाळून. बाकी सगळ्याला तोंड बंद.

मुलगी दिपिका उरणजवळच्या मोऱ्याला दिलेली आहे, नवऱ्याची होडी आहे. ती येऊन काही दिवस राहिली आणि बापाला कढी शिकवली. मी त्या वेळी ओटीवर बसून ऐकत होते.

"बाबा, दही फ्रिजमधून आधी काढून ठेवा. गार दही गरमीला घाबरतं."

"दही घाबरतं?"

"घाबरतं. आता त्याच्यात बेसन घाला. चूल पेटायच्या आधी. घुसळा. गुठली नको. आईच्या घशात गुठली गेली तर तुमी आनि मी."

"तुमी आनि मी काय?"

"घुसळा."

मंद आच. कढी वर यायला लागेपर्यंत पळी थांबवायची नाही. झाकण नाही. मीठ शेवटी. बळीराम हे सगळं त्या दोन हातांनी करत होता ज्यांनी उभ्या जन्मात वाफेचे व्हॉल्व्ह फिरवले. पळीसुद्धा त्याने व्हॉल्व्हसारखीच धरली होती, मुठीत. दिपिकाने ती दोनदा त्याच्या बोटांत बसवून दिली. तिसऱ्यांदा नाद सोडला. त्याची पहिली कढी उतरली तेव्हा सखूबाईने ती वाटीभर घेतली, एकदाही न खोकता. दिपिका रडली आणि दुसऱ्या दिवशी उरणची बस धरून घरी गेली. तिचीही पोरं आहेत, सासू आहे.

ती गेली आणि कढी फुटायला लागली.

रोज नाही, आणि त्याचाच त्रास जास्त. सकाळी कढी मलईसारखी. दुपारी तीच कढी म्हणजे वर हिरवट पाणी आणि खाली चुना. बळीराम वाटी हातात घेऊन उभा राहायचा. फेकवत नव्हती. मग वरवर ढवळून एक चमचा द्यायचा, सखूबाईचा चेहरा लाल व्हायचा, डोळ्यांत पाणी, आणि खोकला असा की शेजारची रंभा हातातलं काम टाकून धावत यायची.

रंभाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा. मनाने सोनं, तोंडाने लाऊडस्पीकर.

"नजर लागली दादा. कुनीतरी कढीवर नजर ठेवून हाय."

"कढीवर कोन नजर ठेवील रंभा?"

"त्या सातव्या मजल्यावरची. ग्यालरीतून आपल्या चुलीतच बघते."

मीठ-मिरच्या उतरवून झाल्या. कढी फुटली. मग कोणी म्हणालं एकाच बाजूने ढवळायची, उलटी पळी फिरली की फुटते. बळीराम एकाच बाजूने ढवळून ढवळून मनगट धरून बसला. कढी फुटली. कोणी पितळेचं पातेलं दिलं, कल्हई उडालेलं. ते मी स्वतः परत नेऊन दिलं आणि देणाऱ्याला विचारलं, विष घालायचंय का? एक शहाणा म्हणाला, "बाईमाणसाच्या हाताला येतं ते पुरुषाच्या हाताला येत नाय." त्याला मी ओटीवरून उतरवला. त्याच्या घरात हळदीला मटणाच्या पातेल्यांवर उभे राहतात ते आचारी काय बायका असतात?

मला दह्याचा संशय होता. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याकडे गेले आणि दोन शब्द सुनावले. चार झाले असतील. दही त्याचं खरंच पांचट होतं, वर आंबटढाण, आणि अति आंबट दही लवकर फुटतं हेही खरं. ते भांडण मी मागे घेणार नाही. त्याने दही बदललं.

कढी फुटली.

मग बळीरामने स्वतःची अक्कल चालवली. बेसन वाढवलं. बेसन धरून ठेवतं म्हणतात ना, मग मूठभर घातलं. कढी फुटली नाही, पिठलं झालं, आणि कच्च्या बेसनाचा वास. सखूबाईने पहिला चमचा तोंडात घेतला, थांबली, आणि डाव्या बाजूने त्याच्या बनियनवर थुंकली. मला वाटलं हा आता खचेल. तर हा बनियनकडे बघून हसतोय.

"ताई, थुंकली! जोरात थुंकली! घशात जोर हाय की तिच्या."

हसला तो तेवढाच. कारण नंतर तिने तोंड उघडणंच कमी केलं. सकाळी उघडायची. दुपारी पातेलं गॅसवर चढलं की ओठ आवळून घ्यायची आणि मान भिंतीकडे. वाटी दिसायच्याही आधी. ब्लाउज सैल झाला, गळ्याची हाडं वर आली. एकदा बारीक ताप येऊन गेला. बळीरामने तो कोणाला सांगितला नाही, मला रंभाने सांगितला. तपासणी जवळ येत चालली होती. नळीचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

एके दिवशी मी सकाळीच गेले आणि ठरवलं की आज इथून हलायचं नाही. त्याने माझ्यासमोर कढी केली. शिकवल्याप्रमाणे दही आधी काढलेलं, बेसन दह्यात, आच बारीक, झाकण नाही, मीठ शेवटी. एक चूक नाही. सखूबाई जेवली, हनुवटी खाली, छोटा चमचा. त्याने उरलेल्या कढीवर जाळी ठेवली, तिचं अंग पुसलं, कूस बदलली, कपडे भिजवले. तेवढ्यात दुपार झाली. मग तो उठला, जाळी काढली, पातेलं गॅसवर ठेवलं आणि बटण फिरवलं ते पूर्ण. मी दिपिकाशी फोनवर बोलत होते. कढी खळाखळा उसळायला लागली. हा बाजूला उभा राहून शांतपणे बघतोय, जसा देवापुढे दिवा लागलेला बघावा.

वाटीत ओतली. पाणी आणि दाणे.

"परत!" तो म्हणाला आणि खालीच बसला. "ताई, तुमी समोर होता ना. सांगा, मी काय केला? सकाली चांगली होती. मी हात नाय लावला."

"आत्ता गॅसवर काय केलंत?"

"काय नाय केला. नुसती उकलली."

फोन चालूच होता, स्पीकरवर. तिकडून दिपिकाचा आवाज आला, "बाबा, काय केलं?"

"उकलली गं. शिली होती म्हनून."

मग दिपिका म्हणाली, "अरे देवा."

आता हे सुकापुरात जन्मलेल्यालाच कळेल. इथल्या जुन्या घरांमध्ये सकाळचं कालवण संध्याकाळी आणि संध्याकाळचं सकाळी चांगलं खळखळून उकळायचं, हा आचमनासारखा नेम. मिठागरावर, भातशेतीवर दिवसभर गेलेली माणसं, फ्रिज कुठला? उकळलं की टिकलं. बळीराम पाळीवरून यायचा तेव्हा घर झोपलेलं असायचं. झाकलेलं कालवण तो स्वतः चुलीवर ठेवायचा, फुल्ल आचेवर, उकळी फुटेपर्यंत, आणि एकटा जेवायचा. वर आता इस्पितळाने बजावलेलं, अन्न नीट गरम करून द्या, पाणी उकळून द्या. त्यामुळे उकळणं म्हणजे आपण काही केलं असं त्याच्या गावीच नव्हतं. हात धुतले तर कोणी सांगतं का, की मी हात धुतले?

दिपिका फोनवर बोलत होती. "आई शिफ्टच्या दिवशी कढी करायचीच नाय, बाबा. नारलाच्या दुधाचं पन नाय. चिंचेचं कालवन करायची. मी विचारलेलं एकदा. तर बोलली, तुजा बाप मध्यरातीला येऊन उकलनार, चिंचेचं कितीबी उकलू दे, त्याला काय होत नाय. कढी करायची ती तुमच्या सुट्टीला. पातेलं उतरलं की लगेच ताटात."

बळीराम पातेल्याकडे बघत राहिला. मग खाटेकडे.

"मी तिला बोलायचो," तो म्हणाला, "माज्या पालीला कढी का नाय करत? सुट्टी असली का बरी आठवते. तर बोलायची, तुमाला रातची पचत नाय. मी म्हनलं बरं, नसंल पचत."

"तुम्हाला सांगितलं का नाही तिने, उकळू नका म्हणून?" मी विचारलं.

"सांगून मी आयकला असता?"

हे मात्र त्याने खरं सांगितलं. रात्री दमून आलेल्या माणसाला चुलीशी अक्कल शिकवण्यापेक्षा तिने स्वयंपाकच बदलला. इतकी वर्षं, बोभाटा न करता. बायकांची अशी किती कामं कुठल्याच हिशेबात येत नाहीत, यावर मी तासभर बोलू शकते, पण त्या खोलीत तेव्हा बोलले नाही. सखूबाई आमच्याकडेच बघत होती. तोंडाची डावी कड जराशी हलली. हसली का दमली, देव जाणे. अर्धाच चेहरा चालतो तिचा.

त्या दिवसापासून उकळणं बंद. पण नुसतं बंद म्हणून भागत नाही. शिळी थंड कढी तिला घालायला त्याचा जीव धजेना, जुलाब लागले तर? फ्रिजवर त्याचा भरवसा नाही, वीज जाते. मग एकच उरलं, दर वेळी ताजी करायची, वाटीपुरती. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मधेच कोमट करायची वेळ आलीच तर वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात बसवायची, वाटीखाली आच नाही. नारळाचं दूध असेल तर आधी पातळ दूध शिजू द्यायचं, दाट दूध अगदी शेवटी, नुसता चटका, आणि कोकम गॅस बंद केल्यावर. रंभाने नजर काढायचं सोडून कामाची गोष्ट शिकवली: फुटायला लागली, कडेला दाणा दिसला, की घाबरून ढवळत बसायचं नाही, आधी आचेवरून खाली. पातेल्याचं बूड गार पाण्याच्या परातीत. मग थंड पाण्यात तांदळाचं पीठ पातळ कालवून, फेटत फेटत थोडं थोडं घालायचं, आणि परत अगदी बारीक आचेवर, पीठ शिजेपर्यंत. मग गाळणी.

"आनि पार फुटली तर?" बळीरामने विचारलं.

"पार फुटली का ती तुमी खा, दादा. तुमचा घसा धडधाकट हाय."

पार फुटलेलं दही पुन्हा दही होत नाही, कितीही पीठ घाला. दाणा तो दाणाच, फार तर बारीक होतो. हे कळायलाही त्याला काही पातेली लागली. ती सगळी त्याने खाल्ली, भाताबरोबर, उभ्यानेच.

खोकला कमी झाला. पण तो माणूस पार थकला. घुसळा, ढवळा, गाळा, भरवा, तोंड पुसा, भांडी घासा, आणि मान वर करावी तर पुढच्या कढीची वेळ. भरवायला तर कढी करायला लागते त्याच्या दुप्पट वेळ. एक चमचा, थांबा. गिळली का? थांबा. दुसरा. ओटीवरच्या त्या नव्या खुर्चीवर रंभाची मांजर बसते. मला एकदा म्हणाला, "ताई, बॉयलर बरा होता. पाली संपायची." मी बाई लावायचं सुचवलं. तो म्हणाला, बाई उकळील. मी उठून भांडी घासायला घेतली.

तपासणीचा दिवस आला. रिक्षात सखूबाईला बसवायला तीन माणसं लागली, मी, रंभा आणि तो. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पेशंट घरी खाते तेच घेऊन या, मी समोर भरवून बघणार. बळीरामने सकाळची कढी भात वाटून, गाळून स्टीलच्या डब्यात घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि रिक्षात पोटाशी धरून बसला. न्यू पनवेलच्या खड्ड्यांत त्याने बायकोला एका हाताने आणि डब्याला दुसऱ्या हाताने सांभाळलं.

इस्पितळात बसवून ठेवलं ते ठेवलं. वजन झालं. काटा खाली आला होता, थोडासा, पण खालीच. बळीराम काट्याकडे बघत राहिला. मॅडमच्या खोलीत बोलावलं तोवर कढी गार झालेली. मॅडमनी डबा उघडून बोट लावलं आणि म्हणाल्या, "थंड आहे, जरा कोमट हवी." आणि आयाला हाक मारली. आया डबा घेऊन गेली. बळीराम तेव्हा सखूबाईच्या पाठीशी उशी लावत होता. वळला तर टेबलावर डबा नाही.

"डबा?"

"मावशी गरम करून आणतायत," मॅडम म्हणाल्या.

मी या माणसाला कधी पळताना पाहिलेलं नाही. गेटवर लाठीमार झाला होता तेव्हासुद्धा हा चालत गेला होता. तो पॅसेजमधून पळाला. मी मागे.

पॅन्ट्रीत आयाने डबाच थेट गॅसवर ठेवला होता. स्टीलचा डबा, खाली फुल्ल आच.

"उकलू नको! ए बाय, उकलू नको!"

"अहो काका, जर्म्स मरतात," आया म्हणाली. "मी सगळ्यांचंच उकळते."

बळीरामने टॉवेलाने डबा उचलला. कडेने दाणे सुटले होते. मधे अजून धरलेली होती, पण कडेने पाणी दिसत होतं. आत खोलीत मॅडम चमचा घेऊन बसलेल्या, फाइल उघडी, आणि काटा आधीच खाली आलेला. खोकली की संपलं.

मी आयाला झापायला तोंड उघडलं. बळीरामने हात आडवा केला. "ताई, भांडन मागून. आता पीठ पायजे. तांदलाचं पीठ हाय का बाय?"

"इथे कुठलं पीठ?"

"मंग काय हाय?"

"पेशंटची पेज आहे."

"दे."

बेसिनमध्ये गार पाणी सोडून त्यात त्याने डब्याचं बूड टेकवलं. चहाच्या गाळणीतून पेज दाबून काढली, चिकट, पांढरी, शीत एक नाही. मग डब्यात चमचा-चमचा पेज आणि फेटणं. पळी नव्हती, काट्याचा चमचा होता, तो त्याने मुठीतच धरला. मी डबा धरून ठेवला. आया आमच्याकडे बघत म्हणाली, "काका, हॉटेल होतं का तुमचं?" मग सगळं पुन्हा गाळणीतून. गाळणीत उरले ते दाणे त्याने तळहातावर घेऊन तोंडात टाकले. डब्यात जे राहिलं ते कढीही नव्हतं आणि पेजही नव्हती. पण चमचा तिरका केला तर सगळं एकदम, एका धारेने खाली येत होतं.

मॅडमनी पहिला चमचा भरवला. सखूबाईने जिभेवर घेतला, थांबली, आणि बळीरामकडे बघितलं. ते बघणं मला कळलं. पाणचट केलीस मेल्या. मग गिळलं. मॅडमची बोटं तिच्या गळ्यावर. दुसरा चमचा. तिसऱ्याला खोकली.

बळीरामने डोळे मिटून घेतले.

एकदाच खोकली, कोरडी. मॅडमनी वाट पाहिली, आवाज काढायला लावला, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग चौथा चमचा. पाचवा. डबा अर्धा झाला.

"घशाखाली जातंय," मॅडम म्हणाल्या. "सध्या नळी नको. पण वजन उतरलंय आजोबा, दिवसातून एक वेळ वाढवा. आणि एक महिन्याने परत बघू. तेव्हा अजून उतरलेलं असलं तर घालावी लागेल, मी आत्ताच सांगून ठेवते."

"म्हंजे चार वेला?"

"चार वेळा."

"ताजी," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो.

"ताजीच बरी."

बाहेर आलो. रिक्षा मिळत नव्हती. रंभाने देवाला हात जोडले, दिपिकाला फोन लावला, तिकडून ती काहीतरी आनंदाने ओरडत होती. मी पॅन्ट्रीकडे परत जायला निघाले होते, त्या आयाशी माझं बोलणं राहिलं होतं. बळीराम म्हणाला, "जाऊ द्या ताई. ती पन उकलते ते चांगल्यासाठीच." मग व्हीलचेअरच्या दांड्यावर रेलून उभा राहिला, सगळं वजन टाकून, आणि खाली वाकून म्हणाला, "सखू, नाय घातली. ऐकलंस? नाय घातली."

सखूबाईचे डोळे मिटलेले होते. डावा हात मांडीवर मोकळा पडला होता. त्याने तो हातात घेतला नाही, नुसता बघितला. मग मला विचारलं, वाटेत दही कुठे मिळेल, कारण दुकानातलं दही गार असतं, घरी गेल्या गेल्या बाहेर ठेवायला लागेल.